रमजानातली राउंड

बैनुल-कसरैनच्या रस्त्यावर खजूरवाल्यांची आणि गाढवांची गर्दी चुकवत तुम्ही एका उंच दरवाजाशी येता. हिजरी ६८७ चा रमजान चालू आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने १२८८ चा ऑक्टोबर. तिकडे देवगिरीवर रामदेवरायाचं राज्य आहे आणि ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून दोन वर्षं आहेत. इकडे कैरोत तुम्ही सुलतान कलावूनच्या मारिस्तानात, म्हणजे दवाखान्यात, पाऊल टाकताय. इमारत उभी राहून चारच वर्षं झालीत. नुसता अमीर असताना कलावून पोटशूळाने तळमळत होता. दमास्कसच्या नूरुद्दीनच्या दवाखान्यातल्या औषधाने त्याला उतार पडला. गादी मिळाली तर असाच दवाखाना बांधीन, असा नवस तो तेव्हा बोलला आणि गादी मिळाल्यावर त्याने फेडला.

आत चौक, मधोमध पाण्याचं कारंजं. तापाचे रोगी एकीकडे, डोळ्यांचे दुसरीकडे, हगवणीचे आणि चिरफाडीचे आणखी वेगळीकडे. बायकांची दालनं स्वतंत्र. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालतो. वक्फनामा वाचलात तर तो लिहिणाऱ्याने कधीतरी स्वतः खाटेवर दिवस काढले असावेत असं वाटतं. प्रत्येक रोग्याचं जेवण वेगळ्या भांड्यात द्यायचं, दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही, नेताना ते झाकून न्यायचं, उन्हाळ्यात झावळ्यांचे पंखे द्यायचे, आणि कुणी दगावलाच तर कफन-दफनही दवाखान्यानेच करायचं.

एक तरुण हकीम तुम्हाला राउंडला सोबत घेतो. त्याचं नाव कुठल्याही चरित्रकोशात सापडणार नाही. पहाटे सहरी करून तो निघालाय. ओठ आत्ताच कोरडे दिसतायत.

पहिली खाट डोळ्यांच्या रोग्याची. कहाल, म्हणजे नेत्रवैद्य, सुरम्याची सळई घेऊन तयार आहे, पण रोगी डोळा उघडत नाही. अलेक्झांड्रियाचा माणूस, मालिकी पंथाचा. सुरमा घशात उतरला तर रोजा तुटेल, ही त्याची भीती. शाफई पंथात सुरम्याने रोजा तुटत नाही, आणि तुमचा हकीम शाफई आहे. आता जुंपणार, असं तुम्हाला वाटतं. चारही पंथांचे वेगवेगळे मुख्य काझी आधीच्या सुलतान बैबर्सने १२६५ मध्येच याच शहरात नेमलेत, वादाला इथे तोटा नाही. पण हकीम पापणी हलकेच ओढून बघतो, पू नाही अशी खात्री करतो आणि सांगतो, सूर्यास्तानंतर घाला. हा डोळा संध्याकाळपर्यंत थांबू शकतो.

हगवणीच्या दालनात मात्र तो ऐकून घेत नाही.

तिथे एक म्हातारा हमाल आहे. शेजारच्या खाटेवरचा चुगली करतो, सकाळचं सरबत त्याने उशाखाली लपवलंय. हकीम बसतो. हमालाच्या मनगटावर चार बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघतो. मग हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती लगेच खाली बसत नाही, घडी पडल्यासारखी उभीच राहते. जीभ बाहेर काढायला लावतो, ती चामड्यासारखी. "बाबा, रोजा सोडा," तो म्हणतो. हमाल मान हलवतो, साठ वर्षांत एक रोजा चुकलेला नाही. हकीम त्याला कुराणातली सवलत सांगतो, आजाऱ्याने रोजे पुढे कधीतरी भरून काढावेत. मग आवाज जरा चढवून, जिवाला धोका असताना रोजा धरणं हेच हराम आहे, हेही सांगतो.

"तुमचा रोजा आहे ना?" हमाल विचारतो.

"आहे."

"मग?"

"माझी कातडी खाली बसते."

डाळिंबाचं सरबत घोटाघोटाने पोटात जातं. पहिल्या घोटाला हमालाच्या डोळ्यांत पाणी येतं. ते तहानेचं की अपराधाचं, हे तुम्हाला कळत नाही आणि हकीम विचारत नाही. जाता जाता एका मोडक्या हाताच्या पोराला तो सांगतो, वजू करताना फळी सोडायची नाही, तिच्यावरून ओला हात फिरवायचा आणि सोबत कोरड्या मातीचा तयम्मुम करायचा. उभं राहून नमाज जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर आडवं पडून. हे सगळं तो इतक्या सराईतपणे सांगतो की औषधाचा डोस कुठे संपला आणि धर्मशास्त्र कुठे सुरू झालं, तुम्हाला सांगता येत नाही.

हा सराईतपणा कुठून येतो, ते त्याच्या उस्तादांचं नाव निघालं की उलगडतं. अलाउद्दीन इब्न अल-नफीस. मिसरचे मुख्य हकीम, वय ऐंशीच्या घरात, दमास्कसला शिकलेले, अविवाहित. शिवाय मसरूरिया मदरशात शाफई कायदा शिकवलेले. दोनशे वर्षांपूर्वी धर्मपंडित गझाली तक्रार करून गेले होते की सगळे विद्यार्थी कायद्याच्या मागे धावतात आणि गावात मुसलमान वैद्य मिळत नाही, वास्तविक वैद्यक हेही समाजावरचं धार्मिक कर्तव्य आहे. उस्तादांनी दोन्ही केलं.

त्यांची औषधं साधी असतात. जमेल तिथे आहार, नाहीतर एकच वनस्पती, संयुक्त औषध नाइलाज झाला तरच. ज्या सरबतवाल्या अत्ताराच्या दुकानात ते बसत, तो एकदा वैतागून म्हणाला होता की असंच लिहून द्यायचं असेल तर खाटकाच्या दुकानात बसा, माझ्याकडे बसायचं तर सरबतं आणि साखर लिहा. कमिशनचं दुखणं किती जुनं आहे बघा!

त्यांच्या एका ग्रंथाचं पुढे काय होणार, हे त्यांना सांगायचा तुम्हाला मोह होतो. १२४२ मध्ये त्यांनी इब्न सीनाच्या ग्रंथातल्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात अदृश्य छिद्रं असून रक्त त्यातून पलीकडे जातं, असं ग्रीक वैद्य गॅलनपासून सगळे मानत. यांनी लिहिलं, पडदा जाड आहे, छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसात जाऊन हवेशी मिसळून डाव्या कप्प्यात येतं. हार्वेच्या रक्ताभिसरणावरच्या ग्रंथाला अजून ३४० वर्षं आहेत. आणि याच ग्रंथात ते सांगतात की शरियतचा निर्बंध आणि स्वभावातली दया यामुळे आपण शवविच्छेदन केलेलं नाही. खरंच केलं नसेल का, यावर अभ्यासक अजून भांडतायत. श्रद्धेमुळे शोध लागला म्हणणाऱ्यांना आणि श्रद्धेमुळे विज्ञान अडलं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे पुस्तक गैरसोयीचं आहे. १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून एक इजिप्शियन डॉक्टर ते पुन्हा उजेडात आणील. तोवर जगाला त्यांचा 'मूजझ' हा आटोपशीर ग्रंथच जास्त ठाऊक असेल. हिंदुस्थानातले युनानी विद्यार्थी तो पिढ्यान्‌पिढ्या घोकतील.

रमजान संपतो, ईद होते. झिलकादच्या एका रविवारी उस्ताद अंथरुण धरतात. पाचव्या दिवसापर्यंत सगळे उपाय करून झालेत. हकीम मित्र चाचरत सुचवतात, या दुखण्यावर थोडी दारू चालेल, गुणही येईल. शाफई पंथातलं प्रचलित मत निखळ दारू औषध म्हणून नाकारतं. दुसऱ्या द्रव्यात मिसळलेली असेल आणि दुसरा पर्यायच उरला नसेल, तर मात्र वाट ठेवतं. ही वाट त्यांना माहीत नसेल, हे शक्य नाही. ते नकार देतात. पोटात दारू घेऊन आपल्याला अल्लापुढे उभं राहायचं नाही, म्हणतात. शुक्रवारी, १७ डिसेंबरला, ते जातात.

तुम्ही मारिस्तानच्या चौकात त्या तरुण हकिमाला गाठता आणि विचारता, उस्तादांच्या जागी दुसरा रोगी असता तर?

"आधी दुसरं औषध शोधलं असतं," तो म्हणतो. "नसतं सापडलं तर मिसळून दिली असती. काझींना मी उत्तर दिलं असतं, रोग्याने नाही."

"मग त्यांनी स्वतः का नाही घेतली?"

"ते रोगी म्हणून बोलत होते. त्यांच्या जागी मी कसा बोलू?"

उस्तादांनी घर आणि सगळे ग्रंथ मारिस्तानला ठेवलेत. ते आणायला गाड्या आणि माणसं लागणार, कारभाऱ्याची त्यावरून ओरड चालू आहे. हगवणीच्या दालनातून कुणीतरी हाक मारतं. सरबत संपलंय आणि कोठीची किल्ली तरुण हकिमाकडे आहे.