कालवा, कारखाना आणि कृतज्ञता : बारामती-इंदापूरचा राजकीय इतिहास



आज आपण बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्यातल्या शेजारशेजारच्या दोन विधानसभा मतदारसंघांचा विचार करणार आहोत. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. निवडणुकीच्या आकडेवारीत मी कशाला शिरतोय, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. पण 'हा मतदारसंघ अमक्यांचा आहे' असं वाक्य आपण रोज बोलतो. त्यातल्या 'चा' या प्रत्ययाचा अर्थ काय? मालकीचा, नात्याचा, की विश्वासाचा? हा माझा आजचा प्रश्न आहे. आणि मी २०२४ च्या निवडणुकीपर्यंतच बोलणार आहे, कारण इतिहासाला थोडं अंतर लागतं.

आधी नोंद पाहू. १९६७ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी शरद पवार बारामतीतून विधानसभेवर गेले. पुढे १९७२, १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा निवडणुका ते जिंकत गेले. १९९१ मध्ये अजित पवार आधी लोकसभेवर निवडून आले. नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात शरद पवार संरक्षणमंत्री झाले, तेव्हा पुतण्यानं लोकसभेची जागा काकांसाठी सोडली आणि काकांची विधानसभेची जागा पुतण्याकडे आली. त्या पोटनिवडणुकीपासून २०२४ पर्यंत प्रत्येक विधानसभा निवडणूक अजित पवारांनी जिंकली. सत्तावन्न वर्षं, दोन माणसं, एक घर. मधल्या काळात काँग्रेस, अर्स काँग्रेस, समाजवादी काँग्रेस, पुन्हा काँग्रेस आणि १९९९ नंतर राष्ट्रवादी असे पक्ष बदलले, माणसं तीच राहिली.

वर्तमानपत्रं याला 'बालेकिल्ला' म्हणतात. बालेकिल्ल्यात किल्लेदार असतो, शिबंदी असते. मतदार कुठे असतो? ही उपमाच मतदाराला चित्रातून काढून टाकते. त्याला परत चित्रात आणायचं असेल, तर घराण्याकडून जरा नजर काढून पाण्याकडे पाहावं लागेल.

नीरेचा डावा कालवा इंग्रजांनी १८८० च्या दशकात काढला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतरची ती कामं. वरती भाटघरचं धरण, वीरजवळून कालवा सुरू होतो, पुरंदरमधून बारामतीत येतो आणि शेवटी इंदापुरात संपतो. विसाव्या शतकात या कालव्यावर ऊस उभा राहिला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर वसवलं, ते खासगी भांडवलाचं. पुढे सहकार आला : बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती. कारखाना म्हणजे ऊस कधी तुटणार, उचल किती मिळणार, मुलगा कामाला लागणार की नाही, हे ठरवणारी जागा. ज्याच्या हातात संचालक मंडळ, त्याच्या हातात गावोगावचा माणूस.

पण कालव्याचा एक नियम आहे. वरच्याला पाणी आधी, टेलच्या शेतकऱ्याला उरलं तर. आवर्तन लांबलं की पहिला ऊस वाळतो तो शेपटाकडचा. बारामती वर आहे, इंदापूर खाली आहे. इंदापूरच्या राजकारणात बारामतीबद्दल जो एक कायमचा सल दिसतो, त्याचं भौतिक कारण या उतारात आहे. उतारामुळे सगळं ठरतं असं मी म्हणत नाही, पण उतार लक्षात न घेता काही समजतही नाही.

इंदापूरचं पहिलं मोठं नाव शंकरराव बाजीराव पाटील यांचं. १९५२ पासून दीर्घकाळ ते आमदार राहिले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसतर्फे बारामती लोकसभेतून निवडून आले आणि त्याच वर्षी बारामती विधानसभेनं इंदिराविरोधी गटातल्या शरद पवारांना निवडलं. त्याआधी १९७७ मध्ये लोकसभेची हीच जागा जनता पक्षाच्या संभाजीराव काकडे यांनी जिंकली होती. लोकसभेचं क्षेत्र मोठं असतं, हे मान्य. तरीही 'इथे कधी दुसरं काही घडलंच नाही' हा समज इतिहासात टिकत नाही. खुद्द पवारांच्या घरातही एकमत नव्हतं. १९६० च्या लोकसभा पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव शेकापचे उमेदवार होते आणि धाकटे शरद काँग्रेसचा प्रचार करत होते.

शंकररावांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ मध्ये अपक्ष निवडून आले आणि युती सरकारात मंत्री झाले. १९९९ ला पुन्हा अपक्ष आणि आघाडी सरकारात मंत्री. याला संधिसाधूपणा म्हणता येईल. पण टेलच्या बाजूनं पाहा. ज्याला पाण्यासाठी वरच्यावर अवलंबून राहायचं नाही, त्याला मुंबईत स्वतःची खुर्ची लागते. २०१४ ला दत्तात्रय भरणे यांनी त्यांना हरवलं. २०१९ ला पाटील भाजपमधून लढले आणि अवघ्या ३,११० मतांनी पडले. २०२४ ला ते शरद पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले आणि १९,४१० मतांनी हरले. तिन्ही वेळा समोर भरणेच. बारामतीत निकाल आधी ठाऊक असतो म्हणतात, इंदापुरात मात्र प्रत्येक मत मोजलं जातं.

इंदापूरच्या दुसऱ्या अंगाला भीमा आहे. उजनी धरणात पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनं मंदिर वर येतं. जमीन इथल्यांची बुडाली आणि पाण्यावर मोठा दावा सोलापूरचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंदापूरसाठी उजनीतून पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला आणि सोलापुरात आंदोलन पेटल्यावर मे महिन्यात तो रद्द झाला. इथे टेलचा शेतकरी दुसऱ्याच्या नजरेत 'वरचा' ठरला! न्यायाचा प्रश्न असा असतो. आपण कुठे उभे आहोत, यावर आपला हक्क आणि दुसऱ्याचा अन्याय यांची नावं बदलतात.

आणि बारामती तरी सगळी हिरवी आहे का? सुपे, मोरगावचा भाग जिराईत. तिथे टँकर येतो. २०१४ च्या लोकसभेला महादेव जानकरांसारखा बाहेरचा उमेदवार आला आणि सुप्रिया सुळे यांचं मताधिक्य २००९ च्या तीन लाखांहून अधिकवरून ६९,७१९ वर उतरलं. मोदींची लाट होतीच, पण जिराईत पट्ट्यातला पाण्याचा रागही होता.

आता २०२४. मे महिन्यात मतदान झालं, जूनमध्ये निकाल आला. सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवारांना १,५८,३३३ मतांनी हरवलं आणि खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातही पंचेचाळीस हजारांहून अधिक आघाडी घेतली. नोव्हेंबरमध्ये त्याच बारामतीनं युगेंद्र पवारांविरुद्ध अजित पवारांना एक लाखाहून अधिक मतांनी निवडून दिलं. इंदापुरातही लोकसभेला एक कौल, विधानसभेला दुसरा. सहा महिन्यांत लोकांचं मन फिरलं, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, त्यांनी दोन प्रश्नांना दोन उत्तरं दिली. दिल्लीत आपलं कोण आणि तालुक्याचं काम कोण करणार, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. किल्ल्यातली शिबंदी असा विचार करत नाही, नागरिक करतो.

इथे मला खरी अडचण दिसते. बारामतीचा माणूस म्हणतो, 'साहेबांनी पाणी आणलं', 'दादांनी रस्ता केला'. यात खोटं काही नाही. कृतज्ञता हा सद्गुण आहे, ती नसलेला समाज कोरडा होतो. पण कृतज्ञता माणसाबद्दल असते आणि हक्क व्यवस्थेकडून मिळतो. कालव्याचं पाणी उपकार म्हणून आलं, तर ज्याचा माणूस नाही त्यानं काय करायचं? सुप्याच्या जिराईत शेतकऱ्यानं, टेलच्या शेतकऱ्यानं, पलीकडच्या माढ्या-मोहोळच्या शेतकऱ्यानं? बारामतीसारखा नेता प्रत्येक तालुक्याला मिळणं शक्य नाही. आवर्तनाचं वेळापत्रक मात्र प्रत्येक तालुक्याला मिळू शकतं.

म्हणून 'मतदारसंघ कुणाचा' या प्रश्नाची माझ्यापुरती कसोटी साधी आहे. सत्ताधारी कुणीही असो, टेलच्या चारीला ठरलेल्या दिवशी पाणी पोहोचतं का? ज्या दिवशी ते कुणाला फोन न करता पोहोचेल, त्या दिवशी तो मतदारसंघ तिथल्या लोकांचा झाला असं मी समजेन. बाकी आपल्या प्रश्नांच्या वेळात बोलू.