पॅच (ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधील)

पॅच : ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये करावयाचा बदल नेमका मांडणारी फाइल. कोणती ओळ काढायची, तिच्या जागी कोणती घालायची आणि कुठे, एवढेच तिच्यात असते. या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येतो, म्हणून बदलही कुणीही सुचवू शकतो; तो मर्ज करायचा, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावून घ्यायचा, की नाही हे प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर ठरवतात.

दोन फाइलींतला फरक काढणारी ‘डिफ’ ही आज्ञा १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर तयार झाली. त्या फरकावरून मूळ फाइल आपोआप दुरुस्त करणारा ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. मूळ फाइल दरम्यान थोडीफार बदलली असली, तरी आजूबाजूच्या ओळी ताडून तो योग्य जागा शोधतो. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ लिहिले; त्यात प्रत्येक बदलाबरोबर तो कुणी, केव्हा व का केला याची नोंद राहते. लिनक्स कर्नलचे पॅच आजही ई-मेलने जातात. इतर बहुतेक प्रकल्पांत कोडची आपली प्रत काढून (फोर्क करून) तिच्यातला बदल स्वीकारण्याची विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवतात.

पॅचमध्ये काढायच्या ओळीपुढे उणे आणि घालायच्या ओळीपुढे अधिक असे चिन्ह असते. एखाद्या ॲपच्या मराठी मजकुरातील चूक सुधारणारा पॅच, उदाहरणादाखल, असा दिसेल :

− दर्याखोर्यांची माहिती
+ दऱ्याखोऱ्यांची माहिती

वसईच्या पाचूबंदरातील कोळ्यांचा दर्या वेगळा आणि तुंगारेश्वरच्या दऱ्या वेगळ्या. हा फरक न दाखवणारे सॉफ्टवेअर मराठीसाठी अपुरेच म्हणावे लागेल. ही चूक मात्र तीन ठिकाणी असू शकते. भाषांतर करणाऱ्याने अक्षर चुकीचे टाइप केले असेल, तर वरची एक ओळ पुरते. अक्षर बरोबर असून पडद्यावर रफार दिसत असेल, तर फॉन्टमधील जोडाक्षरांचे नियम तपासावे लागतात. फॉन्टही बरोबर असेल, तर अक्षरांची मांडणी करणाऱ्या ‘हार्फबझ’सारख्या लायब्ररीकडे जावे लागते. पॅच लिहिण्यातले खरे कसब बग नेमका कुठे आहे हे शोधण्यात आहे. ॲपमध्ये तात्पुरते ठिगळ लावले तर एकच ॲप सुधारते, फॉन्ट दुरुस्त झाला तर तो वापरणारी सगळीच ॲप सुधारतात.

याच अक्षराची आणखी एक अडचण आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येते : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह घेऊन. पहिला प्रकार आज शिफारशीचा आहे; दुसरा युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे ‘किनाऱ्यावर’ असे शोधले की दुसऱ्या प्रकारे लिहिलेला मजकूर सापडत नाही. शोध घेण्याआधी दोन्ही रूपे एक करणारा छोटा पॅच अनेक मराठी संग्रहांना उपयोगी पडेल. ‘ॲ’चेही तसेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यानंतर फॉन्ट, कीबोर्ड आणि शब्दांची क्रमवारी लावणारे कोष्टक असे सारेच बदलावे लागले.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. मराठीतले ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे असतात. मजकुराची भाषा मराठी असल्यास ते वळण वापरण्याची सोय फॉन्टमध्ये करता येते. मुंबईतल्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ही खुला आहे. हिशेब आणि व्यवसाय सांभाळणारे ‘ईआरपीनेक्स्ट’ मुंबईच्या फ्रापे कंपनीचे. त्याचा कोड खुला असून पुल रिक्वेस्ट बाहेरूनही स्वीकारल्या जातात.

वसई-विरारमध्ये वसई रोडचे विद्यावर्धिनी आणि विरारच्या शिरगावचे विवा ही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या विरारहून रोज लोकलने मुंबईत कामाला जाणारे प्रोग्रॅमरही इथे राहतात. पॅच पाठवायला कार्यालय लागत नाही, ओळख लागत नाही. साधा लॅपटॉप आणि इंटरनेट पुरते. नोकरी करणाऱ्याने मात्र आधी आपला करार वाचावा. अनेक कंपन्यांच्या करारात कर्मचाऱ्याने लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क असतो. लिनक्समध्ये प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहावी लागते. हा कोड देण्याचा अधिकार मला आहे, अशी ती ग्वाही असते. ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली.

चांगल्या पॅचमध्ये एकच बदल असतो. बग दुरुस्त करता करता शेजारचे फंक्शनही नीटनेटके केले, तर रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही गोष्टी वेगळ्या काढत बसावे लागते. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, बदल काय केला यापेक्षा का केला हे लिहावे, कारण ‘काय’ तर कोडमध्येच दिसते. पहिलाच पॅच जसाच्या तसा मर्ज होणे विरळा. सूचना येतात, दुसरी आवृत्ती पाठवायची, मग कदाचित तिसरी. नवख्यांना हा नकार वाटतो, पण तसे नसते : मेंटेनर ज्या पॅचवर वेळ घालवतो, तो त्याला हवा असतो. बरेच मेंटेनर हे काम विनामोबदला करतात आणि त्यांचा वेळ हीच या व्यवस्थेतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

म्हणूनच नुसत्या संख्येसाठी पाठवलेले पॅच त्रासाचे ठरतात. पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात २०२० मध्ये निरर्थक पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला, की आयोजकांना नियम बदलून केवळ संमती दिलेल्या प्रकल्पांपुरता हा उपक्रम मर्यादित करावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ प्रकल्पाच्या माहिती-फाइलमध्ये केवळ स्वतःचे नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्ट ढिगाने आल्या. अनेक विद्यार्थी एका व्हिडिओ-धड्याचे अनुकरण करत होते. शिकण्याची हौस चांगलीच आहे, पण सराव स्वतःच्या रिपॉझिटरीत करावा.

कोड न येणाऱ्यालाही यात भाग घेता येतो. एखाद्या ओपन सोर्स ॲपमध्ये मराठी शब्द मोडलेला दिसला, तर स्क्रीनशॉट काढावा. तो शब्द टाइप करून, ॲपची आवृत्ती आणि फॉन्टचे नाव लिहून, आधी कुणी कळवले नाही ना हे पाहून प्रकल्पाच्या बग-नोंदीत घालावा. दऱ्या आणि दर्या यांतला फरक डोळ्यांनी ओळखणारा माणूस बहुतेक प्रकल्पांकडे नसतो. वसई-विरारच्या वाचकांनी ही उणीव भरून काढावी.