आभाळ कोरडे, नदीला पूर

रेणापूरला रेणा नदीकाठी वाढलेल्या मुलाला पूर वेगळा शिकवावा लागत नाही. अंगणात थेंब नसतो आणि पात्रात गढूळ पाणी चढू लागते. ‘वर पाऊस झालाय’ म्हणत माणसे गुरे मागे घेतात. पाणी काळ्या रानात पसरते आणि ओसरते. हेच पाणी दोन कातळभिंतींमधल्या फटीत शिरले तर?

समजा, १०० मीटर रुंद पात्रातून सेकंदाला १०० घनमीटर पाणी १ मीटर वेगाने जात आहे. खोली १ मीटर झाली. आता पात्र ४ मीटरच रुंद ठेवा. वेग पाचपट झाला असे धरले, तरी खोली ५ मीटर होते. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो पंचवीसपट. फळ्यावर हे दोन मिनिटांचे गणित आहे. जग मात्र ते माणसे गमावून शिकले, आणि तेही अर्धवटच.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अँटिलोप नावाच्या वालुकाश्माच्या घळीत ११ पर्यटक बुडाले. घळीवर फारसा पाऊस नव्हताच. वादळ कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला झाले होते. पुढे तेथे कातळात पक्के बसवलेले लोखंडी जिने आले. २७ जुलै १९९९ ला स्वित्झर्लंडमधील झाक्सेटबाख ओढ्यात २१ जण गेले, तर ऑगस्ट २०१८ मध्ये इटलीतील रागानेल्लो घळीत १०. तिन्ही ठिकाणी बरोबर वाटाडे होते, हे विशेष.

आपल्याकडची घटना तर सहलीचीच आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. तेथे पाऊसही कारण नव्हता. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले होते.

महाराष्ट्रात अशा घळीचे ठळक उदाहरण म्हणजे अकोले तालुक्यातील साम्रदजवळची सांदण दरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. त्यातील उभ्या भेगा पाण्याने रुंदावल्या. आमच्या सपाट मुलखात तोच खडक झिजून काळी माती झाला. सांदणीत काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की भिंती लागतात. सुरुवातीच्या थंड डोहांतून पुढे गेल्यावर दोराने उतरायचे टप्पे येतात. दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट बंद! माझ्या मते खरा निर्णय याच जागी घ्यायचा असतो, दरीच्या तोंडाशी नव्हे.

पावसाळ्यात येथे उतरूच नये. इतर दिवसांतही अवकाळी पावसाची शक्यता असेल तर बेत रद्द करावा, मग गाडीभाडे बुडाले तरी चालेल. आत असताना पाणी अचानक गढूळले, पालापाचोळा वाहत आला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून उंच कपारीवर चढावे. पाण्याबरोबर खाली पळू नये.

निघण्याआधी एक तास वर्गात भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पसरावा. समोच्च रेषांवरून घळीच्या पाणलोटाची सीमा मुलांनीच पेन्सिलीने आखावी. अंदाज पाहायचा तो या सीमेच्या आतल्या सगळ्या डोंगरांचा. साम्रदच्या गावकऱ्यांनाही विचारावे. ही चौकशी सकाळी एकदा आणि पहिला दोर बांधण्यापूर्वी, वर माणूस ठेवून, पुन्हा एकदा व्हावी.