दुचाकीचे रंगकाम बिघडले, तर...

प्रतिनिधी

वडिलांच्या काळातील येझदी, कॉलेजात असताना घेतलेली आरएक्स-१००, हप्ते भरून सोडविलेली बुलेट... अशा गाड्या माणसे सहसा विकत नाहीत, रंगवून घेतात. मूळ रंग उडाला, टाकीला गंज धरला की मनाजोगता रंग, नक्षी आणि रेघा काढून देणाऱ्या पेंटरचा शोध सुरू होतो. काम उत्तम झाले तर गाडीचे आयुष्य वाढते. बिघडले, तर केवळ पैसे वाया जात नाहीत. गाडी महिनोन्महिने गॅरेजमध्ये अडकून पडते आणि वारंवार घासल्याने मूळ पत्राही पातळ होतो. जुन्या येझदीचे आणि आरएक्स-१००चे उत्पादन १९९६ मध्येच थांबले. त्यामुळे खराब झालेली मूळ टाकी पुन्हा मिळविणे सोपे राहिलेले नाही.

अशा वेळी ग्राहक म्हणतो, 'काम चांगले दिसत नाही' आणि पेंटर म्हणतो, 'एवढे चालतेच'. हा नजरेचा वाद आहे आणि नजरेच्या वादाचा निवाडा कोणीच करू शकत नाही. दोषाला नाव देणे, त्याचे कारण समजून घेणे आणि काय ठरले होते हे कागदावर दाखविणे, या तीन गोष्टी साधल्या तर मात्र बहुतेक वाद गॅरेजच्या दारातच मिटू शकतात. न मिटल्यास ग्राहक आयोगापुढेही याच तीन गोष्टी उपयोगी पडतात.

दोष ओळखा, कारण जाणा

रंगकामाचे ठरलेले टप्पे असतात. जुना रंग व गंज काढणे, पोचे काढून लांबी भरणे, ती वाळल्यावर घासून सपाट करणे, प्रायमर, मुख्य रंग आणि शेवटी चकाकी व संरक्षण देणारा क्लिअर कोट. यातील कोणता टप्पा चुकला, हे रंगावर उमटणाऱ्या खुणेवरून बहुधा सांगता येते.

रंगाचे ओघळ : एकाच जागी जास्त रंग मारला गेल्याची ही खूण.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग : रंग अधिक घट्ट असणे, हवेचा दाब कमी असणे किंवा गन फार दूर धरणे ही त्याची नेहमीची कारणे.

माशाच्या डोळ्यासारखे खळगे : पत्र्यावर तेल, ग्रीस किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिश राहिले, की रंग त्या जागेवरून मागे सरकतो.

फोड येणे : खाली गंज शिल्लक राहिला असेल किंवा ओलावा अडकला असेल, तर काही आठवड्यांनी रंगाखाली फुगे येतात. टाकीच्या खालच्या कडेला ते आधी दिसतात.

पापुद्रे निघणे : खालचा थर नीट घासला वा पुसला नसल्यास वरचा थर धरत नाही. नखानेही तो सुटू लागतो.

दुधाळ छटा : पावसाळ्यात, विशेषतः मुंबई व कोकणच्या दमट हवेत, थिनर झपाट्याने उडताना गारव्याने हवेतील बाष्प ओल्या रंगावर धरते आणि चकाकी मरते.

घासल्याच्या रेषा वर येणे : लांबी वा प्रायमर पुरता वाळण्याआधी रंग मारला, की पुढे थर आक्रसतो आणि कागदाच्या रेषा दिसू लागतात.

पेट्रोलने रंग सुटणे : टाकीच्या तोंडाशी सांडलेल्या पेट्रोलने रंग मऊ पडत असेल, तर हार्डनर घालून मारायचा 'पीयू' रंग न वापरता स्वस्त 'एनसी' रंग वापरला गेल्याची शक्यता असते. क्लिअर पुरता वाळला नसेल किंवा हार्डनरचे प्रमाण चुकले असेल, तरीही असे घडते.

शेवटचा दोष सर्वांत महत्त्वाचा. 'पीयू'चे पैसे घेऊन 'एनसी' मारणे हा कौशल्याचा नव्हे, व्यवहाराचा प्रश्न आहे. त्याची साधी चाचणी आहे. टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर थिनरमध्ये बुडविलेले पांढरे फडके हलकेच घासावे. 'एनसी' रंग विरघळून फडक्याला लागतो. पुरत्या वाळलेल्या 'पीयू'वर सहसा परिणाम होत नाही. ही चाचणी पेंटरच्या समक्ष करावी आणि तिचे चित्रण करून ठेवावे. लोखंडी टाकीवर लोहचुंबक फिरविल्यास लांबीचा जाड थर असलेल्या जागी त्याची पकड सैल पडते. प्लास्टिकच्या पॅनेलवर अर्थातच ही युक्ती चालत नाही.

प्रत्येक दोषाचा इलाज सारखा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. धूळ, ओघळ आणि संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग हे दोष, क्लिअरचा थर पुरेसा असल्यास, बारीक वॉटर पेपरने घासून व बफिंग करून घालविता येतात. अशा दोषासाठी संपूर्ण पैसे परत मागणे रास्त ठरत नाही. फोड, पापुद्रे आणि चुकीचा रंग वापरणे यांवर मात्र मलमपट्टी उपयोगाची नाही. जुना थर पत्र्यापर्यंत काढून काम पुन्हा करणे हाच उपाय. त्यामुळे 'वरून एक हात मारून देतो' हा प्रस्ताव अशा वेळी स्वीकारू नये.

दोष आपला तर नाही?

तक्रारीपूर्वी स्वतःलाही काही प्रश्न विचारावेत. ताज्या रंगावर लगेच कव्हर घातले होते का? पहिल्या काही दिवसांत प्रेशरने गाडी धुतली वा मेण-पॉलिश लावले होते का? टाकीला आतून गंज असून ती गळते, हे पेंटरला सांगितले होते का? आतून गंजलेल्या टाकीवर बाहेरून केलेला उत्तम रंगही टिकत नाही. पेंटरने अशा टाकीबद्दल आधी लेखी सावध केले असेल आणि तरीही ग्राहकाने काम करवून घेतले असेल, तर त्याची तक्रार टिकणे कठीण आहे.

ताबा घेताना

गाडी संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या प्रकाशात ताब्यात घेऊ नये. रंगाची छटा आणि पृष्ठभागावरील दोष दिवसाच्या उजेडातच दिसतात. टाकी, दोन्ही मडगार्ड आणि साइड पॅनेल शेजारी ठेवून छटा जुळते का ते पाहावे. टाकीचे झाकण उघडून तोंडाची कड, तसेच आसनाखालचा भाग तपासावा. चेसिसवरील क्रमांक रंगाखाली बुजलेला नाही ना, बोल्टच्या आट्यांत रंग भरलेला नाही ना, कुलूप, मोनोग्राम, रबर हे सर्व मूळचेच परत बसविले आहेत ना, हेही बघावे. दोष आढळल्यास बिलाच्या दोन्ही प्रतींवर त्याची नोंद करूनच सही करावी. 'काम समाधानकारक' असे छापलेल्या कागदावर घाईने केलेली सही पुढे महागात पडते.

आधी संधी, मग नोटीस

पहिले पाऊल भांडणाचे नसावे. दोष दिवसाच्या प्रकाशात, जवळून आणि लांबून टिपावा. दुसऱ्या एखाद्या अनुभवी पेंटरकडून दोषाचे स्वरूप व दुरुस्तीचा खर्च लेटरहेडवर लिहून घ्यावा. त्यानंतर मूळ गॅरेजला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी. त्याआधीच गाडी दुसरीकडे रंगविली, तर पुरावा नष्ट होतो आणि 'आम्हाला संधीच मिळाली नाही' हा बचाव समोरच्याला आयता मिळतो.

पत्रात शिवीगाळ, धमकी नको. मजकूर साधारण असा असावा : 'माझी दुचाकी क्रमांक ... दिनांक ... रोजी आपल्याकडे रंगकामासाठी दिली होती. टाकी, मडगार्ड व पॅनेल यांना पीयू रंग व क्लिअर कोट मारण्याचे रु. ... ठरले व ती रक्कम मी अदा केली. दिनांक ... पासून टाकीच्या तोंडाशी रंग सुटत असून खालच्या कडेला फोड आले आहेत. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत जुना थर काढून काम विनामूल्य पुन्हा करून द्यावे, अन्यथा रु. ... परत करावेत. तसे न झाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.' पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपावी आणि त्याची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही द्यावी. पेंटरशी झालेले संभाषण पुसू नये. मूळ फोनही जपावा.

पेंटर काम पुन्हा करण्यास तयार झाला, तर नेमके काय करणार, कोणता रंग वापरणार आणि कोणत्या तारखेला गाडी देणार, हे पुन्हा लिहून घ्यावे. तोंडी दुसरी संधी म्हणजे पहिल्याच चुकीची पुनरावृत्ती.

गाडी अडवून ठेवली तर

'आधी पूर्ण पैसे, मगच गाडी' अशी अडवणूक नेहमीची. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७० नुसार, वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्चून ठरल्याप्रमाणे काम करणाऱ्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यातच त्यासाठी हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे उदाहरण दिले आहे. मात्र हा हक्क त्याच कामाच्या मोबदल्यापुरता असतो. मागच्या एखाद्या कामाची जुनी बाकी दाखवून या कलमाखाली गाडी अडविता येत नाही. पैसे देऊन गाडी सोडविणे भाग पडल्यास बिलावर 'कामातील दोषांबाबत हरकत राखून रक्कम अदा' असे लिहावे आणि रोख न देता बँकेमार्फत पैसे द्यावेत.

गॅरेजच्या ताब्यात असताना गाडीची सामान्य सुज्ञ माणसाइतकी काळजी घेणे हेही याच कायद्याच्या कलम १५१ नुसार बंधनकारक आहे. गाडी पडून पोचा आला वा सुटे भाग गहाळ झाले, तर 'आमची जबाबदारी नाही' अशी पाटी पुरेशी ठरत नाही. मूळ भाग काढून घेऊन नकली बसविल्याचा पुरावा असेल, तर पोलिसांकडेही तक्रार करता येते. निव्वळ निकृष्ट कामासाठी मात्र पोलिस ठाण्याचे उंबरठे झिजविण्यात अर्थ नाही.

ग्राहक आयोगाचा मार्ग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. ठरलेल्या कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेला उणेपणा ही या कायद्यातील कलम २(११) नुसार 'सेवेतील त्रुटी' ठरते. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. 'बिल हवे असेल तर जास्त पैसे लागतील' असे सांगणाऱ्या गॅरेजचालकाला याची आठवण करून द्यावी.

पहिली पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. ही हेल्पलाइन समोरच्याशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला आहे. याबाबत पुढील मुद्दे लक्षात ठेवावेत.

- तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी.
- तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. बंगळुरूच्या पेंटरकडे टाकी पाठविणाऱ्या पुणेकराला तिकडे खेटे घालण्याची गरज नाही.
- मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही.
- वकील देणे सक्तीचे नाही. २०२५ पासून ऑनलाइन तक्रारींसाठी 'ई-जागृती' पोर्टल उपलब्ध आहे.
- समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात.
- आयोग त्रुटी दूर करण्याचा, पैसे परत देण्याचा, भरपाईचा व खर्चाचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळल्यास कैद व दंडाची तरतूद आहे.
- गाडी व्यापारी हेतूने वापरली जात असेल तर अडचण येऊ शकते. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी गाडी चालविणारा मात्र ग्राहकच मानला जातो.

कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा व्यक्त केली असली, तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागतो. शिवाय सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराचीच असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रवनीत सिंग बग्गा विरुद्ध केएलएम या खटल्यात स्पष्ट केले आहे. छायाचित्रे, बिल आणि दुसऱ्या पेंटरचा लेखी अभिप्राय यांचे मोल येथे कळते. झालेल्या खर्चाच्या अनेक पट भरपाई मागण्यापेक्षा दुरुस्तीचा खर्च आणि रास्त नुकसान एवढीच मागणी केल्यास तक्रारीचे वजन वाढते.

रंग बदलताना आरटीओ विसरू नका

नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचा रंग नोंदलेला असतो. काळी गाडी लाल केली, तर त्याची नोंद आरटीओकडे करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. जुन्या बुलेटना 'मिलिटरी' रूप देण्याची हौस अनेकांना असते. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे. पेंटर हा रंग मारून देतो, दंड मात्र मालकाला होतो.

काम देण्यापूर्वी हे लिहून घ्या

- कोणकोणते भाग रंगविणार आणि जुना रंग पत्र्यापर्यंत काढणार की नाही
- रंगाचा प्रकार (पीयू की एनसी), कंपनी, रंगाचा क्रमांक आणि थरांची संख्या
- नक्षी वा रेघांचा मंजूर केलेला नमुना, रंगविलेल्या पत्र्याच्या तुकड्यासह
- एकूण रक्कम, आगाऊ रक्कम आणि काम तपासल्यानंतर द्यायची बाकी
- गाडी परत देण्याची तारीख
- फोड येणे, पापुद्रे निघणे यांची हमी किती महिने
- गाडीसोबत दिलेल्या भागांची यादी, टाकीच्या आतील स्थिती आणि त्या दिवशीची छायाचित्रे

नाना पेठेतील छोटा पेंटर असो वा वातानुकूलित स्टुडिओ, चांगल्या कारागिराला अशा कागदाची भीती वाटत नाही. उलट, ग्राहकाच्या अवाजवी मागण्यांपासून त्यालाही संरक्षण मिळते. जो पेंटर एक पानभर तपशील लिहून द्यायला तयार होत नाही, त्याच्या हाती गाडीची किल्ली न देणेच श्रेयस्कर.