आधी कोणाचं ताट?

१९७२ च्या दुष्काळात आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, घरंच्या घरं खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो. माझी मास्तरकी तेव्हा नवीनच होती. प्रार्थनेला चक्कर येऊन पडायच्या त्या बहुतेक सातवी-आठवीच्या मुली. त्यांचे भाऊ त्याच घरचे, पण ते पडत नसत. भाकरी आधी बाप्यांना, मग मुलांना; उरली तर मायलेकींना.

पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. बाईच्या हाती तिची स्वतःची मजुरी पडू लागली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. शाळेत शिजवलेलं जेवणही आलं, पण आठवीपर्यंतच. ऐन वाढीच्या वयात, नववीत, ते ताट बंद होतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला.

घरात पैसा हवाच. पण तो लेकीच्या ताटापर्यंत पोचतो का? आज रात्री आपल्या घरी शेवटी कोण जेवतं, एवढं जरूर बघा.