लिनक्स लॅपटॉप : प्रोसेसरचा वेग आणि विजेची बचत

माणदेशातील म्हसवडसारख्या गावी वीज गेली, की लॅपटॉपला बॅटरीचाच आधार उरतो. लिनक्समध्ये ती पुरवून वापरण्याची सोय आहे. काम करताना प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवल्यास ती जवळपास निम्म्यावर येते. मात्र कामास सव्वापट वेळ लागतो.

हा वेग ‘गव्हर्नर’ ठरवितो. ‘परफॉर्मन्स’ तो कमाल ठेवतो, ‘पॉवरसेव्ह’ किमान. २००४ मध्ये कर्नल २.६.९ मध्ये आलेला ‘ऑनडिमांड’ कामाच्या भारानुसार वेग बदलतो. २०१६ मध्ये कर्नल ४.७ सोबत आलेला ‘शेडयूटिल’ भाराचा अंदाज थेट शेड्युलरकडून घेतो. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर ‘इंटेल पी-स्टेट’ ड्रायव्हर सक्रिय असल्यास ‘पॉवरसेव्ह’सुद्धा गरजेप्रमाणे वेग वाढवितो.

वेग सतत किमान ठेवणे नेहमीच लाभदायक नसते. काम लांबते आणि तोवर पडदा व इतर भाग वीज खातच राहतात. म्हणून वेग भारानुसार बदलू द्यावा आणि पडद्याचा उजेड कमी करावा, हे श्रेयस्कर. गव्हर्नर बदलण्यासाठी ‘सीपीयूपॉवर’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर मात्र मूळ निवड परत येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.