पटसंख्या आणि वाचन : ग्रामीण प्राथमिक शिक्षणाच्या मोजमापाचा इतिहास

कुंडलिकेच्या खोऱ्यातील धाटाव हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. ज्या रोहे तालुक्यात ते वसले आहे, तेथे कातकऱ्यांच्या वाड्याही आहेत. पावसाळा सरला की त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुलाचे नाव पटावर राहते. मूल वर्गात नसते. पट आणि प्रत्यक्ष यांतील हे अंतर शिक्षणाच्या इतिहासात दीर्घकाळ मोजले गेले नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये मांडलेल्या सक्तीच्या शिक्षणाच्या विधेयकाचा हेतू मुलास शाळेत आणणे हा होता. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे व 1957 पासून कोसबाड येथे शाळाच मुलाकडे नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा हे तिचे ठळक रूप होय. तथापि मुलास काय आले, हे व्यापक प्रमाणावर पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन ‘प्रथम’ या मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेने 2005 मध्ये ‘असर’ या पाहणीच्या रूपाने सिद्ध केले. परीक्षा शाळेत नव्हे, घरी घ्यावयाची. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा व दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्या. ग्रामीण भारतातील 6 ते 14 वयाची नव्वद टक्क्यांहून अधिक मुले पटावर असल्याचे पहिल्याच पाहणीत दिसले. परंतु 2018 मध्येही पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता येत होती.

मोजमापाने सुधारणा आपोआप होत नाही, हेही स्पष्ट झाले. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातील प्रयोगात केवळ माहिती देऊन शाळा बदलल्या नाहीत. स्वयंसेवकांच्या वाचनवर्गांत आलेली मुले मात्र वाचू लागली. त्या वर्गांना येणारी मुले थोडी होती, ही त्या प्रयोगाची मर्यादा.

धाटावच्या परिसराला हा इतिहास दोन अंगांनी लागू पडतो. कातकरी बोली मराठीला जवळची असली, तरी शाळेच्या प्रमाणभाषेहून ती भिन्न आहे. म्हणून वाचता न येणे आणि भाषा परकी वाटणे यांतील भेद परीक्षकास ओळखता आला पाहिजे. दुसरे असे की, भट्टीवर गेलेले मूल घरी घेतलेल्या पाहणीतूनही निसटते. मोजण्यापूर्वी त्यास शोधावे लागेल. कोसबाडचा धडा तोच आहे.